तुमच्या ऑफिसच्या फायरवॉलमधले पोर्ट नंबर एका दाढीवाल्या माणसाच्या वहीतून आलेत

अंबड तालुक्यातलं अंकुशनगर म्हटलं की जालना जिल्ह्यातल्या माणसाला पहिल्यांदा साखर कारखाना आठवतो. आणि साखर कारखाना म्हटलं की डोळ्यासमोर येतात उसाच्या गाड्या, वजनकाटा आणि चिमणीचा धूर. पण अशा कुठल्याही कारखान्याच्या ऑफिसात आज डोकावलं तर दिसतात कॉम्प्युटर. काट्यावर, शेतकी विभागात, अकाउंटला. काट्यावर नोंदवलेल्या वजनाची फाईल अकाउंटच्या माणसाला स्वतःच्या टेबलावर उघडता आली पाहिजे, नाहीतर उसाची बिलं निघायची कशी?

आता समजा, अशाच एखाद्या ऑफिसात नवी फायरवॉल बसवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेअर केलेलं फोल्डर उघडेना. लोक वायरी तपासतात, कॉम्प्युटर बंद करून चालू करतात. शेवटी नेटवर्कवाल्याला फोन जातो. तो येतो, सेटिंग उघडतो आणि चार-पाच आकडे टाकतो. ४४५, ८८, ३८९, ५३, १३५. फोल्डर उघडतं आणि तो चहा पिऊन निघून जातो.

पण हे आकडे आले कुठून? ते ठरवले कुणी? आणि जो आकडा जालन्यात चालतो तोच जपानमध्ये आणि जर्मनीतही कसा काय चालतो?

या प्रश्नांचा माग काढत गेलं की रस्ता एका माणसापाशी येऊन थांबतो. लांब दाढी, पायात सँडल आणि टेबलावर नंबरांची यादी. नाव जॉन पोस्टेल.

एकाच शाळेतली तीन पोरं

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातला. ते लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये शिकले. याच शाळेत विंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर ही आणखी दोन पोरं होती. पुढं इंटरनेटच्या इतिहासात या तिघांचीही नावं आली.

पोस्टेल यांनी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून, म्हणजे यूसीएलएमधून १९६६ मध्ये इंजिनीअरिंगची पदवी घेतली. १९६८ मध्ये पदव्युत्तर शिक्षण झालं आणि १९७४ मध्ये कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी.

पण खरी गोष्ट घडत होती ती प्राध्यापक लिओनार्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून अर्पानेट नावाचं नेटवर्क उभं राहत होतं. २९ ऑक्टोबर १९६९ ला त्यावरचा पहिला मेसेज गेला, तो यूसीएलएमधूनच. त्या टीममधल्या विद्यार्थ्यांमध्ये पोस्टेल होते.

या पोरांपुढं एक अडचण होती. नेटवर्क कसं चालवायचं याचे नियम कुठल्याच पुस्तकात नव्हते. ते त्यांनाच लिहायचे होते. वरिष्ठ लोक रागावतील की काय या धास्तीनं क्रॉकर यांनी या टिपणांना एक नम्र नाव दिलं, ते म्हणजे रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स, थोडक्यात आरएफसी. पहिली आरएफसी एप्रिल १९६९ मध्ये निघाली. ही टिपणं गोळा करायची, तपासायची आणि नीट मांडून सगळ्यांना द्यायची हे काम पोस्टेल यांच्याकडे आलं. मरेपर्यंत जवळपास २९ वर्षं त्यांनी ते केलं आणि दोन हजारांहून जास्त आरएफसी त्यांच्या हाताखालून गेल्या.

खिडकीला नंबर लागतो तसा

आता पोर्ट म्हणजे काय ते आधी बघू.

तहसील कार्यालयाचा पत्ता एकच असतो. पण आत गेल्यावर उताऱ्याची खिडकी वेगळी, रेशन कार्डची वेगळी आणि दाखल्यांची वेगळी. चुकीच्या खिडकीवर उभं राहिलात तर दिवस गेला म्हणून समजा.

कॉम्प्युटरचंही तसंच आहे. त्याचा पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस, एकच असतो. पण तो एकाच वेळी मेल घेतो, वेबसाईट दाखवतो, फाईल देतो आणि पासवर्डही तपासतो. आलेला मजकूर यातल्या कुठल्या कामासाठी आहे हे कळायला खिडकीचा नंबर लागतो. तो नंबर म्हणजे पोर्ट. ० पासून ६५,५३५ पर्यंत हे नंबर असतात.

अर्पानेटच्या काळात याला सॉकेट नंबर म्हणायचे. सुरुवातीला चार विद्यापीठं होती, त्यामुळं तोंडी सांगून भागायचं. पण नेटवर्क वाढायला लागलं आणि घोळ व्हायची वेळ आली. एकानं फाईल पाठवायला एक नंबर धरला आणि दुसऱ्यानं तोच नंबर भलत्याच कामाला लावला तर दोन्ही मशिन्स एकमेकांशी बोलणार कशी?

मे १९७२ मध्ये पोस्टेल यांनी आरएफसी ३४९ लिहिली. त्यात त्यांनी सुचवलं की या नंबरांसाठी एक मुखत्यार असावा आणि ते काम आपण करायला तयार आहोत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी सॉकेट नंबरांची यादीसुद्धा काढली.

यासाठी निवडणूक झाली नाही की कुठला शासन निर्णय निघाला नाही. एका पीएचडीच्या विद्यार्थ्यानं वहीत नंबर लिहून ठेवायला सुरुवात केली आणि जगानं ती वही मान्य केली.

त्या काळाची एक खूण आजही शिल्लक आहे. जुने पोर्ट नंबर बघा, त्यातले बरेचसे विषम आहेत. फाईल ट्रान्सफर २१, टेलनेट २३, मेल २५. कारण तेव्हा एका जोडणीला दोन सॉकेट लागायची, एक जायला आणि एक यायला, आणि त्यांचा सम-विषम जोडीनं हिशेब ठेवला जायचा. पुढं ती गरज संपली, पण नंबर तसेच राहिले.

सगळ्या जगाचा तलाठी

शिक्षणानंतर एक-दोन ठिकाणी काम करून पोस्टेल १९७७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये आले. ही संस्था लॉस एंजेलिसजवळच्या मरीना डेल रे इथली. इथून ते शेवटपर्यंत हलले नाहीत.

इथं बसून त्यांनी जे केलं ते वाचलं की माणूस चक्रावतो. ऑगस्ट १९८० मध्ये त्यांनी यूडीपीचा नियम लिहिला. सप्टेंबर १९८१ मध्ये आयपी आणि टीसीपीचे नियम त्यांच्याच संपादनाखाली निघाले. ऑगस्ट १९८२ मध्ये मेल पाठवायचा एसएमटीपी आला. १ जानेवारी १९८३ ला अर्पानेट जुनी पद्धत सोडून टीसीपी-आयपीवर आलं, त्याचा आराखडाही त्यांचाच होता. त्याच काळात पॉल मोकापेट्रिस यांनी त्यांच्यासोबत काम करत डीएनएस बनवलं. आज आपण आकड्यांऐवजी नावानं वेबसाईट उघडतो ती या डीएनएसमुळं, आणि त्याचं पोर्ट आहे ५३.

सगळ्या जगाच्या नंबरांची नोंद ठेवायच्या या कामाला पुढं आयाना हे नाव पडलं. नाव ऐकून मोठं खातं वाटतं. प्रत्यक्षात बरीच वर्षं आयाना म्हणजे पोस्टेल आणि त्यांच्या सहकारी जॉयस रेनॉल्ड्स यांच्यासह मोजकी माणसं. एखाद्या कंपनीनं नवीन प्रोटोकॉल बनवला की ती आयानाला कळवायची. तिथं अर्ज बघून नंबर दिला जायचा आणि यादीत नोंद व्हायची. नंबरासाठी पैसे घेतले जात नव्हते.

या यादीचा भारताशी आणि त्यातही मुंबईशी थेट संबंध आहे. देशांच्या नावाचे डोमेन द्यायची वेळ आली तेव्हा कोण देश आणि कोण नाही हा वाद अंगावर येणार होता. पोस्टेल यांनी त्यात न पडता आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेची तयार यादी घेतली. जे त्या यादीत, त्याला डोमेन. १९८९ मध्ये भारताचं डॉट इन नोंदवलं गेलं आणि ते सांभाळायची जबाबदारी मुंबईतल्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे होती. सामान्य भारतीयांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालं. म्हणजे भारताची जागा त्याच्या सहा वर्षं आधीच राखून ठेवलेली होती.

फाईल शेअरिंगचे नंबर कसे आले

आता पुन्हा त्या न उघडणाऱ्या फोल्डरकडे येऊ.

ऑफिसमधल्या कॉम्प्युटरांनी एकमेकांच्या फाईली वापरायच्या ही कल्पना १९८० च्या दशकातली. आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी त्यासाठी एसएमबी नावाची पद्धत बनवली. ती नेटबायॉस नावाच्या दुसऱ्या एका व्यवस्थेवर चालायची. नेटबायॉस मुळात एका ऑफिसपुरतं होतं. ते टीसीपी-आयपीवर कसं चालवायचं याचे नियम मार्च १९८७ मध्ये आरएफसी १००१ आणि १००२ मध्ये आले. तिथून तीन नंबर कायमचे चिकटले. नाव शोधायला १३७, छोटे निरोप द्यायला १३८ आणि प्रत्यक्ष जोडणीला १३९.

ऑक्टोबर १९९४ मध्ये रेनॉल्ड्स आणि पोस्टेल यांनी आरएफसी १७०० काढली. ही म्हणजे नंबरांची भली मोठी वही. त्यात ओळख पटवणाऱ्या कर्बेरॉसला ८८, डिरेक्टरीत माणसं शोधणाऱ्या एलडॅपला ३८९ आणि मायक्रोसॉफ्टच्या नावावर ४४५ अशा नोंदी आहेत.

मायक्रोसॉफ्टनं हे सगळे नंबर एकत्र जुंपले ते फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० मध्ये. नेटबायॉसला बाजूला ठेवून फाईल शेअरिंग थेट ४४५ वर चालायला लागलं. सोबत ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली. म्हणजे ऑफिसचे सगळे कॉम्प्युटर आणि सगळी माणसं एका डोमेनमध्ये आणि त्यांची वही डोमेन कंट्रोलर नावाच्या एका सर्व्हरकडे.

त्यामुळं तुम्ही फक्त एका फोल्डरवर क्लिक करता तेव्हा पडद्यामागं बरंच काही घडतं. कॉम्प्युटर आधी ५३ वर डोमेन कंट्रोलरचा पत्ता विचारतो. ३८९ वर डिरेक्टरीत चौकशी करतो. ८८ वर तुमची ओळख पटवून एक तिकीट घेतो. मग ते तिकीट घेऊन फाईल सर्व्हरच्या ४४५ वर जातो आणि तिथं फाईल मिळते. घड्याळ जुळवायला १२३ लागतं, कारण दोन मशिन्सच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला तर कर्बेरॉस तिकीटच मान्य करत नाही.

म्हणून फायरवॉलवर फक्त ४४५ उघडून भागत नाही. फाईल सर्व्हरकडे ४४५ पुरतं, पण डोमेन कंट्रोलरकडे जाणारे ५३, ८८, १२३, १३५, ३८९, ४४५ आणि पासवर्ड बदलायचं ४६४ हे रस्तेही मोकळे लागतात. १३५ ही चौकशीची खिडकी आहे. ती पुढं ४९१५२ ते ६५५३५ मधला एखादा नंबर सांगते, त्यामुळं डोमेनच्या कामांसाठी तोही पट्टा लागतो. १३७ ते १३९ मात्र जुनी मशिन्स नसतील तर बंद ठेवलेलेच बरे.

विश्वासावर चाललेलं जग

पोस्टेल यांचं एक तत्त्व इंजिनीअर लोकांमध्ये फार प्रसिद्ध आहे. आपण पाठवताना नियम काटेकोर पाळायचे, पण समोरून थोडं वेडंवाकडं आलं तरी समजून घ्यायचं. १९८० मध्ये टीसीपीच्या मसुद्यात त्यांनी हे लिहिलं. वेगवेगळ्या कंपन्यांची मशिन्स एकमेकांशी बोलू शकली त्यात या उदार धोरणाचा मोठा वाटा आहे.

पण इथंच मेख होती. हे सगळं ओळखीच्या आणि प्रामाणिक लोकांसाठी बनलं होतं. पोर्ट नंबर म्हणजे खिडकीवरची पाटी. ती कुलूप नव्हे.

२ नोव्हेंबर १९८८ ला मॉरिस वर्म सुटला आणि मेलसारख्या उघड्या सेवांमधून शिरून त्यानं हजारो कॉम्प्युटर बंद पाडले. त्यानंतर दारावर पहारेकरी ठेवायची गरज सगळ्यांना पटत गेली. तो पहारेकरी म्हणजे फायरवॉल. आणि या पहारेकऱ्यानं आत कुणाला सोडायचं हे ओळखायचं कसं? तर पाकिटावरचा पोर्ट नंबर वाचून. म्हणजे पोस्टेल यांनी रस्ता दाखवायला लावलेल्या पाट्याच पुढं रस्ता अडवायला कामी आल्या.

विश्वासाचा हाच प्रश्न पोस्टेल यांच्या स्वतःच्या आयुष्यातही उभा राहिला.

१९९० च्या दशकात इंटरनेटमध्ये पैसा आला. नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीकडे डॉट कॉमची नोंदणी होती आणि सप्टेंबर १९९५ पासून ती दोन वर्षांच्या नोंदणीला १०० डॉलर घ्यायला लागली. ज्या गोष्टी पोस्टेल वहीत लिहून चालवत होते त्यांची किंमत आता कोट्यवधींत होती. मग प्रश्न आला की या वहीचा मालक कोण? ती सांभाळणारी माणसं, ती कंपनी की अमेरिकेचं सरकार?

२८ जानेवारी १९९८ ला पोस्टेल यांनी एक मेल पाठवला. इंटरनेटची नावं सांगणारे जे रूट सर्व्हर आहेत, त्यातल्या आठ सर्व्हरच्या चालकांना त्यांनी सांगितलं की मूळ यादी इथून पुढं नेटवर्क सोल्युशन्सकडून न घेता आयानाच्या सर्व्हरवरून घ्या. आणि त्या लोकांनी ऐकलं. हुकूम नव्हता, करार नव्हता, फक्त पोस्टेल यांचा शब्द होता.

व्हाइट हाऊसमध्ये खळबळ उडाली. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी थेट फोन लावला. ही चाचणी होती असं पोस्टेल यांनी सांगितलं आणि थोड्याच दिवसांत सगळं पूर्ववत झालं. सामान्य माणसाला काही कळलंही नाही, कारण दोन्हीकडची यादी तीच होती. पण सरकारला एक गोष्ट कळून चुकली. हा माणूस मनात आणलं तर इंटरनेटची नावांची वही एका मेलवर हलवू शकतो.

काहींच्या मते तो सरकारला दिलेला इशारा होता, काहींच्या मते खरोखरच चाचणी. पण जगाची वही एका माणसावरच्या विश्वासावर चालू शकत नाही हे त्या दिवशी दोन्ही बाजूंना पटलं. पोस्टेल स्वतःही त्याच दिशेनं काम करत होते. वही संस्थेच्या ताब्यात द्यायची त्यांची धडपड होती. ३० सप्टेंबर १९९८ ला आयकॅन ही संस्था नोंदवली गेली.

त्यानंतर अवघे १६ दिवस गेले. १६ ऑक्टोबर १९९८ ला हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीतून जॉन पोस्टेल गेले. वय होतं ५५. हृदयाच्या झडपेचं दुखणं त्यांना आधीपासून होतं. शाळेतले तेच विंट सर्फ यांनी त्यांच्यावर लिहिलेला मृत्युलेख आरएफसी म्हणूनच निघाला. त्याचा नंबर २४६८.

वही बंद झाली, दारं उघडी राहिली

ज्या ४४५ ची नोंद पोस्टेल यांच्या वहीत होती, त्याचं पुढं काय झालं हे बघायला ते नव्हते.

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला. तो शिरायचा ४४५ मधून, जुन्या एसएमबीतल्या एका चुकीचा फायदा घेऊन. त्या चुकीवरचा इलाज मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिला होता, पण असंख्य ऑफिसांनी तो बसवलाच नव्हता.

महिन्या-दीड महिन्यानं, २७ जूनला, नॉटपेट्या आला. युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो निघाला आणि कंपन्यांच्या आतल्या नेटवर्कमध्ये फाईल शेअरिंगच्याच वाटांनी पसरला. जहाज कंपनी मर्स्क त्यात सापडली आणि त्याचा फटका थेट महाराष्ट्रात बसला. नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं आणि कंटेनर अडकून पडले. मर्स्कनं आपलं नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात सांगितलं. पुढं आलेल्या बातम्यांनुसार कंपनीचे जगभरचे डोमेन कंट्रोलर गेले होते. वाचला तो घानामधला एक, तोही तिथं वीज गेली होती म्हणून.

यातून छोट्या ऑफिसनं घ्यायचा धडा सोपा आहे. ४४५ ऑफिसच्या आत लागतं, पण इंटरनेटच्या बाजूनं ते कायम बंद पाहिजे. आतसुद्धा प्रत्येक कॉम्प्युटरला प्रत्येक कॉम्प्युटरकडे जायची मुभा नको, फाईल सर्व्हर आणि डोमेन कंट्रोलर एवढ्यांकडेच जाऊ द्या. जुनी एसएमबी बंद करा आणि अपडेट टाळू नका. आणि फोल्डर उघडत नाही म्हणून कुणी वैतागून अख्खी फायरवॉलच बंद करत असेल तर त्याचा हात धरा.

पोस्टेल यांच्या नावानं इंटरनेट सोसायटीनं एक पुरस्कार सुरू केला. ती नंबरांची वही आजही चालू आहे, आता आयकॅनच्या छत्राखाली आणि ऑनलाईन. नवीन नंबर हवा असेल तर आजही अर्जच करावा लागतो आणि आजही त्याला पैसे पडत नाहीत.